चौथ्या गड्याचा खाडा

गाडीचं दुखणं घेऊन येणारी माणसं दोन प्रकारची असतात. पहिली म्हणतात, "मिस्त्री, बघा जरा, काहीतरी होतंय." ही माणसं मला आवडतात. दुसरी म्हणतात, "मिस्त्री, कॉइल गेलीय, बदलून टाका." ह्यांना मी विचारतो, "तुम्हाला भेटून गेली का ती, जाताना?" पंचवटीत पेठ रोडच्या बाजूला आमची गॅरेजची एक ओळ आहे. तिथे माझ्या तोंडाळपणाची ख्याती बरीच आहे. ती खोटी आहे असं माझंही म्हणणं नाही. आता साठी उलटली, तोंड तेवढं शाबूत आहे. कान मात्र गेले. दोन्ही.

ह्या अंकाच्या संपादकांनी 'कामातले अनुभव लिहा' असं सांगितलं, तेव्हा ओळीतल्या एकाने मला विचारलं, "गांगुर्डे, तुम्ही काय लिहिणार? इंजिनाचा आवाज ऐकू येत नाही असा मिस्त्री म्हणजे चव न कळणारा आचारी." मी म्हणालो, तेच लिहिणार.

ज्यांना गाडीचं काही कळत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. साध्या पेट्रोल गाडीत बहुधा चार सिलेंडर असतात. चार गडी समजा. प्रत्येकाच्या पोटात पेट्रोल आणि हवा जाते, वर बसवलेला प्लग ठिणगी टाकतो, आत भडका उडतो आणि त्या जोरावर गाडी पुढे जाते. चौघे एकामागोमाग एक आपापली पाळी सांभाळतात. त्यातल्या एकाने खाडा केला की उरलेले तिघे ओढाताण करतात. गाडी थरथरते, चढावर झटके देते. ह्याला आम्ही 'मिसिंग' म्हणतो. गाडी मिसिंग मारते. बस, एवढंच दुखणं. पण चौथा गडी कामावर का आला नाही, ह्याची कारणं माणसांच्या खाड्याइतकीच असतात. ठिणगीच पडली नाही, पेट्रोल पोचलं नाही, हवा भलतीकडून शिरली, नाहीतर पोटातला दाबच संपला.

हे शोधायची माझी रीत जुनी आहे. तिला मी जागाबदल म्हणतो. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एक कॉइल बसते, ती त्याला करंट पुरवते. तिसरा गडी खाडा करतोय असं वाटलं, तर त्याची कॉइल पहिल्यावर ठेवायची आणि पहिल्याची तिसऱ्यावर. खाडा पहिल्याकडे गेला तर कॉइल गुन्हेगार. तिसऱ्याकडेच राहिला तर कॉइल निर्दोष, मग प्लगची जागा बदलायची. आरोपी जिथे जाईल तिथे गुन्हा झाला, तरच शिक्षा. हे न करता चारही प्लग आणि चारही कॉइल बदलून मोकळं होणारे पुष्कळ आहेत. त्याने कधीकधी गाडी सुधारतेही. पण ती का सुधारली हे त्यांना कळलेलं नसतं, आणि जे कळलं नाही ते मी दुरुस्ती म्हणून मोजत नाही.

सामानाच्या निवडीचंही तसंच. गिऱ्हाईक मोबाइलवर काहीतरी बघून येतं आणि म्हणतं, सगळ्यात भारी प्लग टाका. अहो, प्लग म्हणजे काय नवरीचा शालू आहे? प्लगचे आटे किती लांब, तो उष्णता किती धरतो, त्याच्या टोकाशी फट किती, हे त्या इंजिनाला जुळलं पाहिजे. एक हौशी पोरगा वडिलांच्या जुन्या गाडीसाठी शर्यतीचे म्हणून लांब आट्यांचे प्लग घेऊन आला होता. ते बसवले असते तर पिस्टन वर येऊन प्लगलाच टाळी देता झाला असता. मी ते त्याच्या हातात परत दिले आणि म्हणालो, देव्हाऱ्यात ठेव, इंजिनात नको. तो रागावून गेला. पुढच्या गॅरेजात त्याने ते बसवून घेतले, आणि मग गाडी माझ्याकडे ओढत आणली. मी वाकडा झालेला प्लग काढून त्याच्या हातात ठेवला. बोलायला लागलंच नाही.

आता कानांचं.

पूर्वी मी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचो आणि मूठ कानाशी धरायचो. आतलं सगळं ऐकू यायचं. कोणता गडी पाळी चुकवतोय ते मला गाडी दारात शिरतानाच कळायचं. हे कान हळूहळू गेले. शेजारी सलीमभाईचं डेंटिंगचं गॅरेज आहे. त्याचा हातोडा आणि माझी इंजिनं, दोघांनी मिळून त्यांचा निकाल लावला. मी त्याला म्हणतो, "निम्मे कान तू खाल्लेस." तो माझ्याकडे तोंड करून सावकाश म्हणतो, "भाऊ, बाकीचे निम्मे वहिनींनी खाल्ले, ते पण सांगा ना." कानात घालायचं मशीन आहे माझ्याकडे. घरात बरं चालतं. गॅरेजात हवेचा पंप सुरू झाला की त्यात नुसता कल्ला भरतो, म्हणून ते डब्यात राहतं.

बहिरेपणाने मला आणखी चांगला मिस्त्री केलं वगैरे मी सांगणार नाही. तसलं बोलणं बक्षीस समारंभात शोभतं. चारही गडी एका लयीत लागले की इंजिनाचा जो आवाज येतो, तो मला आता ऐकू येत नाही. त्याची आठवण येते आणि वाईट वाटतं. पण हात आहेत. सायलेन्सरच्या तोंडाशी तळवा धरला की धाप कळते. तीन धक्के आणि एक पोकळी, म्हणजे खाडा. डोळे आहेत, नाक आहे. काढलेल्या प्लगचं टोक काळं आहे, ओलं आहे की पांढरट, त्यावरून निम्मी कुंडली निघते. आणि लोक काय म्हणतात ते नीट कळत नाही, म्हणून मी एक नियम केला. सांगू नका, दाखवा.

पण एका पावसाळ्यात एक गाडी मला दिवसभर सापडली नाही. जागाबदल झाली, प्लग झाले, खाडा हलेना. दुपारी माझा मुलगा अनिकेत डबा द्यायला आला. तो एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये कामाला आहे. तो बॉनेटपाशी वाकला आणि म्हणाला, "पप्पा, हवा खेचतेय कुठूनतरी. शिट्टी येतेय." त्याने मागच्या एका रबरी नळीच्या चिरेवर बोट ठेवलं. इंजिनाची थरथर जागच्या जागी शांत झाली. मला ते फक्त दिसलं.

त्या रात्री जेवताना तो माझ्यासमोर बसला आणि एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाला, "पप्पा, बंद करा आता. शिट्टी राहू द्या. मागून एखादी गाडी रिव्हर्स आली तर तुम्हाला कळणार नाही. मला कामावर चैन पडत नाही." पोटचा पोरगा भीतीने बोलत होता, त्याच्याशी भांडणार काय? शिट्टीचा घाव ताजा होता. मी हो म्हणून बसलो. त्याने गाड्यांना चकाकीचं कोटिंग करणाऱ्या एका माणसाला माझी शेड दाखवायचं ठरवलं. तो माणूस खंडेनवमीला माप घ्यायला येणार होता, कारण त्या दिवशी अनिकेतला दुपारून सुट्टी होती.

खंडेनवमीला आमची ओळ बंद असते. सगळे पाने, जॅक, हातोडे धुऊन पाटावर मांडलेले, वर झेंडू, हळद-कुंकू. दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. आम्ही बौद्ध, आमच्याकडे ही पूजा नाही. दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो. सलीमभाईकडेही पूजा नाही. त्यामुळे त्या दिवशी ओळीत दोनच शटर उघडी असतात, आणि अडलेली गाडी मुकाट आमच्याकडे येते. शेजारी म्हणतात, "गांगुर्डे, हत्यारांना एक दिवस तरी आराम द्या." मी म्हणतो, माझी हत्यारं रोज डिझेलने धुऊन, पुसून झोपतात. त्यांची काही तक्रार नाही. गंमत म्हणजे ह्याच दोन दिवसांत लोक जोराच्या फवाऱ्याने बॉनेटखाली पाणी मारतात, ते प्लगच्या खड्ड्यात साचतं, आणि पूजेला उभी केलेली गाडी मिसिंग मारायला लागते. म्हणजे सगळ्या मिस्त्र्यांचे हात बांधलेले असतात तेव्हाच सगळ्यात जास्त गाड्या आजारी पडतात.

त्या खंडेनवमीला सुनंदाताई आल्या. वणीकडच्या बाई, सात सीटांची गाडी स्वतः चालवतात. नाशिकहून पेठ तालुक्यातल्या शाळांत जाणारे मास्तर आणि मॅडम त्यांच्या गाडीतून रोज ये-जा करतात. उतरल्या त्याच तणतणत. मी कानावर हात ठेवून मान हलवली. त्यांनी लगेच समोर येऊन, हातवारे करत सांगितलं.

"दादा, सकाळी घाट लागला का गाडी झटके मारते. लय मारते. तीन गॅरेज झाले. समदे प्लग बदलले, भारीतले. तीन नंबरची कॉइल दोन येळा बदलली. दोन दिस बरी चालते, पुन्हा तेच. मास्तर लोक म्हणत्यात, दिवाळीच्या सुट्टीआधी सरळ करा, नाय तर दुसरी गाडी लावतो."

"आत्ता मारते का?"

"नाय ना! मिस्त्रीच्या दारात आली का शहाणी व्हती."

सायलेन्सरपाशी तळवा धरला. चार धक्के, एकसारखे. अनिकेतने मला एक छोटं स्कॅनर दिलंय, ते जोडलं. गाडीच्या आठवणीत तिसऱ्याचा खाडा नोंदलेला होता. स्कॅनर खोटं बोलत नाही. चौघांतला कोण गैरहजर ते सांगतं, का ते सांगत नाही. तीन गॅरेजांनी तिसऱ्यालाच नवे कपडे चढवले होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आम्हा नाशिककरांना सोमेश्वर जवळ पडतं, म्हणून ही चूक जास्त होते.

तिसऱ्याची कॉइल उपसली. तिला खाली रबराची लांब टोपी असते, ती प्लगवर घट्ट बसते. टोपीच्या आत पेन्सिलीने ओढावी तशी बारीक काळी रेघ होती. तशीच रेघ नव्या प्लगच्या पांढऱ्या अंगावर. ठिणगी टोकाशी पडायच्या ऐवजी ह्या रेघेवरून बाहेरच्या बाहेर पळत होती. आणि खड्ड्याच्या काठाला तांबूस गंज. म्हणजे पाणी. पाऊस तर केव्हाच थांबला होता.

"इंजिनावर पाणी मारता?"

"देवीची आण, कधीच नाय."

एवढ्यात अनिकेत आला, बरोबर तो कोटिंगवाला, हातात टेप. मी दोघांना हाताने थांबवलं, कॉइल जागेवर बसवून बॉनेट लावलं. बाईंना म्हणालो, "रोज सकाळी निघायच्या आधी जे जे करता, ते सगळं इथे करून दाखवा. सांगू नका. दाखवा."

त्या जरा लाजल्या. मग त्यांनी वायपरला बांधलेला आधीचा झेंडूचा हार सोडला. गाडीवरच्या जुन्या पाकळ्या हाताने झटकल्या. माझ्या बादलीतून तांब्याने पाणी घेतलं आणि समोरच्या काचेवर सपासप मारलं. पुसलं. पिशवीतून नवा हार काढून पुन्हा वायपरला बांधला, हात जोडले. हे नवरात्रात रोज, एरवी मंगळवारी आणि शुक्रवारी, असं त्यांनी सांगितलं.

मी काचेकडे बघतच नव्हतो. मी पुढच्या चाकामागे उकिडवा बसलो होतो. काचेवरचं पाणी वायपरखालच्या जाळीतून आत जातं आणि बाजूच्या भोकातून इथे, चाकामागे खाली पडतं. एवढा तांब्या ओतला, खाली टिपूस नाही. मग ते पाणी गेलं कुठे?

बॉनेट उघडून इंजिन सुरू करायला सांगितलं. नजर तिसऱ्या कॉइलवर. मागच्या पत्र्याच्या कडेला एक थेंब जमला, लोंबकळला आणि बरोबर तिसऱ्याच्या डोक्यावर पडला. मग दुसरा. बाईंना खुणेने रेस द्यायला लावली. त्याच क्षणी अनिकेतचा चेहरा बदलला. त्याला काहीतरी ऐकू आलं होतं. मी नुसती भुवई उडवली.

तो माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि त्याने माझ्या खांद्यावर बोटांनी ताल धरला. ठक, ठक, ठक, आणि रिकामं. ठक, ठक, ठक, आणि रिकामं. तो इंजिन ऐकत होता आणि मला वाजवून दाखवत होता. इतक्या वर्षांनी ती लय अंगात शिरली. माझे डोळे भरून आले. सांगायला लाज वाटत नाही. बाईंना वाटलं इंजिनच गेलं, त्या घाबरून खाली उतरल्या.

वायपर काढले, जाळी उचलली. आत झेंडूच झेंडू. वरचा केशरी, मधला तपकिरी, खालचा चिखल झालेला. त्यात उदबत्तीच्या काड्या आणि कधीच्या काळची आपट्याची पानं. पाणी जायचं भोक पार बुजलेलं. सकाळी काच धुतली की पाणी तुंबायचं, मागून ओसंडून तिसऱ्याच्या डोक्यावर ठिबकायचं, आणि घाटात भार पडला की ओल्या टोपीतून ठिणगी पळायची. अर्ध्या तासात इंजिनाच्या उष्णतेने सगळं वाळायचं. म्हणून मिस्त्रीच्या दारात गाडी शहाणी. महागड्या प्लगचा काय दोष? बुडवला की भारीतला प्लगही हलक्या प्लगसारखाच बुडतो.

सुनंदाताई त्या काळ्या लगद्याकडे बघत राहिल्या. "देवीचाच हार आडवा आला म्हना की. कोपली काय वो?"

"देवी कशाला कोपेल? तिने काय वायपरला बांधा म्हणून सांगितलं होतं? पुढे बॉनेटच्या जाळीवर बांधा. आणि पाकळ्या मागे झटकू नका, उचलून घ्या."

तारेने भोक मोकळं केलं. तांब्याभर पाणी ओतलं, ते चाकामागे धो धो पडलं. तिसऱ्याला नवी रबराची टोपी आणि एक साधा, त्या इंजिनाला जुळणारा प्लग. बाकी काही नाही. कॉइल तीच ठेवली, ती बिचारी निर्दोष होती. पुन्हा काच धुतली आणि आम्ही तिघे गाडी पेठ रोडला चढावर घेऊन गेलो. अनिकेत मागे बसला होता. माझा हात गिअरच्या दांड्यावर. चढ लागला, बाईंनी रेस दिली, दांडा एकसारखा थरथरत राहिला. चौघे गडी हजर. बाई काहीतरी ओरडल्या, मला कळलं नाही, पण त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले तेव्हा मी ओरडलो ते त्यांना नीट कळलं.

परतल्यावर अनिकेत मला बाजूला घेऊन, तोंड समोर ठेवून म्हणाला, "आज मी होतो म्हणून, पप्पा."

"तू नसतास तरी थेंब मला दिसलाच होता."

"दिसला होता," तो म्हणाला. "आणि मागून येणारी गाडी?"

ह्याचं उत्तर मी तिथेच तयार केलं. कामाचं टेबल, त्यावरचा पकडीचा व्हाइस, सगळं उलट फिरवायचं. इतकी वर्षं रस्त्याकडे पाठ करून उभा राहिलो, आता तोंड करून उभा राहीन. दाराशी साखळी लावीन, ती मी सोडल्याशिवाय एकही गाडी आत येणार नाही. पावसाळ्यात मी हो म्हणालो ते शिट्टीच्या रागाने. ज्या नळीची शिट्टी मला ऐकू आली नाही, तिच्यावर उद्या मी साबणाचं पाणी मारून बुडबुडे बघीन. कान गेले म्हणून माझ्यातला मिस्त्री गेला, हे ठरवणारे लोक कोण? चांगल्या कानांचे मिस्त्री तीन नंबरची कॉइल दोनदा बदलून बसलेत.

एवढं सगळं बोललो की नाही आठवत नाही. बरंचसं बोललो असणार, कारण अनिकेत खाली बघून हसत होता. हसत होता आणि त्याची काळजी काही गेली नव्हती, दोन्ही दिसत होतं.

कोटिंगवाला तोवर शेडची मापं घेऊन, चहा पिऊन कंटाळला होता. तो माझ्यासमोरून, माझ्याकडे न बघता, सरळ अनिकेतकडे गेला. बहिऱ्याशी कोणी बोलत नाही, त्याच्या माणसाशी बोलतात. त्याचे ओठ मला स्पष्ट दिसत होते. "मग काका शेड कधी रिकामी करतायत?"

अनिकेतने माझ्याकडे पाहिलं. मग त्याला म्हणाला, "मला काय विचारता? शेड त्यांची आहे. त्यांच्याकडे तोंड करून विचारा."

तो माणूस वळला. लहान पोराशी बोलावं तसा मोठा आ करून, शब्द तोडत त्याने विचारलं, "कधी, रिकामी, करणार?"

"नाही करणार," मी म्हणालो.

माझा आवाज किती मोठा लागतो ते मला आताशा कळत नाही. शेजारून सलीमभाई हातोडा घेऊनच धावत आला, तेव्हा कळलं.